केडगावच्या रमाबाई

गेल्या वर्षी सासूबाई आमच्याकडे दुबईला राहायला आल्या, तेव्हा त्यांचा डिमेन्शिया बराच वाढलेला होता. संध्याकाळ झाली की घरी जायचंय म्हणून दाराशी जायच्या आणि अडवलं की हात उगारायच्या. एकदा तर आमच्या मदतनीस मुलीच्या मनगटाला चावल्या. घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांसाठी इथे डीआयपीत, म्हणजे आपल्या दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, एक दिवसाचं ट्रेनिंग आहे असं कळलं आणि आम्ही दोघी जाऊन बसलो.

शिकवलेल्या गोष्टी साध्याच होत्या. हातभर अंतर ठेवा, आवाज चढवू नका, चिडलेल्या माणसाची दाराकडची वाट अडवून उभं राहू नका, वाद घालून पटवायला जाऊ नका. आणि मुख्य म्हणजे, मारायला उठलेलं माणूस पुष्कळदा घाबरलेलं असतं हे आधी ओळखा.

ते ऐकलं आणि मला एकदम केडगाव आठवलं. माझं माहेर दौंडचं. पुण्याला जाताना केडगाव स्टेशन आलं की आजी खिडकीतून बोट दाखवायची, ती बघ रमाबाईंची मुक्ती. शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी पंडिता रमाबाई वाचल्यात. संस्कृतच्या विदुषी, विधवांसाठी शाळा, झालं. केडगावला त्यांच्यासमोर काय वाढून ठेवलं होतं, ते मला खूप उशिरा समजलं.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला. घरदार सोडून हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत पुराणं सांगायचं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात हातचं सगळं संपलं, रानातला पाला खाऊन दिवस काढले. आईवडील आणि थोरली बहीण, तिघंही गेले. उरली रमा आणि भाऊ श्रीनिवास. भूक माणसाचं काय करते हे ज्या बाईने सोळा-सतरा वर्षांची असताना स्वतःच्या पोटात पाहिलं, तिला पुढे ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

पुढची वर्षं भराभर सांगते. 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 मध्ये बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, 1882 मध्ये पतीचं निधन झालं, पदरात लहानगी मनोरमा. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि 1883 मध्ये इंग्लंड गाठलं. डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी येत असल्याने ते राहिलं.

इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. त्यावरून आपल्याकडे जो गदारोळ झाला तो इथे उकरत नाही, आणि झाकतही नाही. मला महत्त्वाची वाटते ती लंडनमधल्या फुलहॅमची भेट. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी तिथे जोगिणींनी चालवलेलं एक घर होतं. अशा बायकांना हाकलून देण्याऐवजी कुणी मायेने सांभाळतं, आणि त्याच बायका सावरल्यावर दुसऱ्यांची सेवा करतात, हे रमाबाईंनी तिथे प्रथम पाहिलं. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या, तिथे फ्रोबेलची बालोद्यान पद्धत शिकल्या. परत आल्यावर 11 मार्च 1889 ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. 1890 मध्ये सदन पुण्याला आलं. 1893 मध्ये धर्माच्या वादात पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या, तरी सदन चालू राहिलं.

मग आला 1896-97 चा दुष्काळ. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या दुष्काळी छावण्यांतून, रस्त्यांवरून मुली घेऊन आल्या. अशा सुमारे तीनशे मुली झाल्या. पुण्यात प्लेगची दहशत, तेव्हा या मुलींना केडगावच्या माळरानावर, तंबूंत आणि झोपड्यांत ठेवावं लागलं.

या काही शाळेत बसायला आतुर झालेल्या गुणी मुली नव्हत्या. अन्नावरून भांडायच्या, चोरायच्या, लपवून ठेवायच्या, खोटं बोलायच्या. कित्येकींना वाटेत पुरुषांनी छळलं होतं. प्रेमाने कुणी जवळ घेतलं तर त्यामागे काहीतरी कपट असणार असंच त्यांना वाटे. त्यात एक भयंकर अफवा. ही बाई आपल्याला खाऊ घालून लठ्ठ करणार, मग उलटं टांगून खाली जाळ करणार आणि अंगातलं तेल काढून औषधासाठी विकणार! आता सांगा, असं मनात धरून बसलेल्या पोरीसमोर कुणी गरम जेवणाचं ताट आणून ठेवलं तर ती काय करेल? रमाबाईंना तो उर्मटपणा वाटला नाही. ही भीती आहे हे त्यांनी ओळखलं आणि तसं लिहूनही ठेवलं.

एकटीने तीनशे मुली सांभाळणं शक्यच नव्हतं. शारदा सदनातल्या जुन्या मुली इथे कामाला आल्या. कुणी शिक्षिका झाली, कुणी देखरेख करणारी, आणि नव्या मुली त्यांच्या हाती सोपवल्या गेल्या. सुंदराबाई पवारांसारख्या सहकारी होत्याच. या तरुण विधवांनी स्वतः घरातली अवहेलना सोसलेली, त्यामुळे समोरची का बिथरली हे त्यांना आतून कळत असावं असं मला वाटतं. सांभाळणाऱ्याच्या हातात किती सत्ता असते याचीही रमाबाईंना जाण होती. 1897 मध्येच पुण्याच्या प्लेग इस्पितळात बायकामुलींची नीट राखण होत नाही, अशी जाहीर तक्रार त्यांनी वर्तमानपत्रातून केली होती. सरकार नाराज झालं तरी पर्वा केली नाही.

केडगावची शिस्त कडक होती, दिवस घंटेवर चालायचा. पण रोज त्याच वेळी जेवण मिळतं हे कळणं उपाशी मुलीसाठी केवढी गोष्ट! शेती, विणकाम, तेलघाणी, छापखाना, सगळं मुलीच चालवायला शिकल्या. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघालं, अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची सोय झाली. 1900 मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि आकडा दोन हजारांच्या घरात गेला.

शेवटची वर्षं रमाबाईंनी मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली. 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या आणि 5 एप्रिल 1922 ला, केडगावलाच, रमाबाई गेल्या.

ट्रेनिंगहून परतताना गाडीत मी आमच्या मदतनीस मुलीला ही तेलाची हकिकत सांगितली. ती काही बोलली नाही. संध्याकाळी सासूबाई नेहमीसारख्या दाराशी गेल्या, तेव्हा तिने त्यांना अडवलं नाही. त्यांच्या चपला आणून पुढ्यात ठेवल्या, दार उघडलं आणि दोघी लिफ्टपर्यंत जाऊन हळूहळू परत आल्या.