‘विदाऊट यू’चा विसरलेला धनी

काही गाणी गायकाच्या नावाने ओळखली जातात आणि ती लिहिणारा अंधारातच राहतो. ‘विदाऊट यू’ हे विरहगीत त्यांपैकी एक. साठीकडे झुकलेल्या रसिकांना ते हॅरी निल्सनचे वाटते, तर नव्वदच्या दशकात वाढलेल्या पिढीला मराया कॅरीचे. शंभराहून अधिक कलावंतांनी ते आपापल्या परीने गायले. मात्र ज्या दोघांनी ते रचले, त्या पीट हॅम आणि टॉम इव्हान्स यांची नावे फार थोड्यांच्या ओठांवर असतात. त्यातील पीट हॅम अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी हे जग सोडून गेला. गाणे जगभर गाजत असताना त्याच्या कर्त्याच्या हाती काय उरले होते, याचे उत्तर त्याच्या छोट्याशा आयुष्यात सापडते.

पीटर विल्यम हॅमचा जन्म २७ एप्रिल १९४७ रोजी वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील स्वान्सी या बंदराच्या शहरी झाला. दुसऱ्या महायुद्धात, १९४१च्या फेब्रुवारीत, जर्मन विमानांनी सलग तीन रात्री बॉम्बवर्षाव करून या शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त केला होता. त्या भग्नावशेषांतून पुन्हा उभ्या राहणाऱ्या गावात पीटचे बालपण गेले. किशोरवयातच गिटार हाती आली आणि मित्रांच्या साथीने वाद्यवृंद उभा राहिला. स्वान्सीतील आयव्ही प्लेस या जागेच्या नावावरून त्यांनी स्वतःला ‘द आयव्हीज’ म्हणवून घेतले.

१९६६ मध्ये व्यवस्थापक बिल कॉलिन्स यांच्या सल्ल्याने ही मंडळी लंडनला आली आणि गोल्डर्स ग्रीन भागातील ७, पार्क अॅव्हेन्यू या घरात एकत्र राहू लागली. त्याच घरात पीट घरगुती ध्वनिमुद्रण यंत्रावर आपल्या चाली साठवून ठेवत असे. १९६७ मध्ये लिव्हरपूलचा टॉम इव्हान्स त्यांना येऊन मिळाला. पुढच्याच वर्षी बीटल्सचे विश्वासू सहायक मॅल इव्हान्स यांच्या शिफारशीने बीटल्सच्या स्वतःच्या ‘अॅपल’ या कंपनीने त्यांना करारबद्ध केले. १९६९च्या अखेरीस वाद्यवृंदाचे नाव ‘बॅडफिंगर’ झाले. पॉल मॅकार्टनीने रचलेले ‘कम अँड गेट इट’ त्यांनी गायले आणि १९७०च्या आरंभी ते ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या दहांत पोहोचले. पाठोपाठ पीटने स्वतः लिहिलेल्या ‘नो मॅटर व्हॉट’नेही तीच मजल मारली. बीटल्स विखुरले होते आणि त्यांचे वारस म्हणून या चौघांकडे बोट दाखवले जात होते.

‘विदाऊट यू’ जन्मले ते याच काळात, दोन अपुऱ्या गाण्यांच्या जोडणीतून. एका संध्याकाळी प्रेयसीला दिलेला शब्द मोडून पीटला ध्वनिमुद्रणासाठी जावे लागले होते. तिने तक्रार केली नाही, पण तिच्या डोळ्यांतील खिन्नता त्याला दिसली. त्यातून गाण्याची कडवी सुचली, मात्र त्यांना शोभेल असे ध्रुवपद काही केल्या जमेना. इकडे टॉमपाशी त्याच्या भावी पत्नीच्या ओढीतून सुचलेले एक ध्रुवपद होते, पण त्याला कडवी नव्हती. दोघांनी आपापला अर्धा भाग पुढे केला आणि गाणे पूर्ण झाले. ‘नो डाइस’ या १९७०च्या ध्वनिमुद्रिकेच्या पहिल्या बाजूला ते शेवटी बसवण्यात आले. बॅडफिंगरने ते काहीसे संयमाने, गिटारच्या साथीने गायले. त्यात काही विशेष आहे असे ना वाद्यवृंदाला वाटले, ना कंपनीला. ब्रिटन किंवा अमेरिकेत ते स्वतंत्र तबकडी म्हणून काढलेही गेले नाही.

पीटची कीर्ती मात्र वाढत होती. जॉर्ज हॅरिसनने त्याला जवळ केले. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल झाली. ती पं. रविशंकर यांच्या आग्रहातून साकारली होती. त्यांच्यासोबत उस्ताद अली अकबर खाँ आणि उस्ताद अल्लारखा त्या मंचावर होते. त्याच मंचावर पीटने हॅरिसनच्या शेजारी उभे राहून ‘हिअर कम्स द सन’ला गिटारची साथ केली. त्याच वर्षी हॅरिसनच्या देखरेखीखाली ध्वनिमुद्रित झालेले पीटचे ‘डे आफ्टर डे’ अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले.

इकडे हॅरी निल्सनने एका मेजवानीत ‘विदाऊट यू’ ऐकले आणि ते बीटल्सचेच असावे अशी त्याची समजूत झाली. शोध घेतल्यावर खरा प्रकार कळला. निर्माता रिचर्ड पेरी याच्यासोबत त्याने ते लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत नव्याने ध्वनिमुद्रित केले. सुरुवातीला फक्त पियानो आणि जवळजवळ पुटपुटल्यासारखा आवाज, मग पॉल बकमास्टरने रचलेली व्हायोलिनांची साथ आणि अखेरीस ध्रुवपदात तार सप्तकात झेपावणारा निल्सन. बॅडफिंगरने आत दाबून ठेवलेला आक्रोश त्याने मोकळा केला. १९७२ मध्ये हे गाणे अमेरिकेत चार आठवडे आणि ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. निल्सनला ग्रॅमी, तर पीट आणि टॉमला गीतरचनेसाठी आयव्हर नॉव्हेलो पुरस्कार मिळाला. निल्सन स्वतः उत्तम गीतकार, पण ‘एव्हरीबडीज टॉकिन’प्रमाणेच त्याचे हे सर्वांत गाजलेले गाणेही दुसऱ्याच्याच लेखणीतून उतरलेले होते.

या यशाने पीटचे घर भरायला हवे होते. १९७०च्या अखेरीस वाद्यवृंदाने अमेरिकी व्यवस्थापक स्टॅन पॉली याच्याशी करार केला होता. मिळकत एका कंपनीत जमा व्हायची आणि तिच्यातून चौघांना पगार मिळायचा. डिसेंबर १९७० ते ऑक्टोबर १९७१ या काळाच्या हिशेबपत्रकात चौघांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला नऊ हजार डॉलरच्या आतली रक्कम आली होती, तर व्यवस्थापनाचे कमिशन ७५,७४४ डॉलर होते. साथीदारांना शंका येऊ लागल्या, पण पीटचा पॉलीवर विश्वास होता. पुढे ‘वॉर्नर ब्रदर्स’शी मोठा करार झाला. वाद्यवृंदासाठी स्वतंत्र खात्यात ठेवायच्या आगाऊ रकमेचा मात्र कंपनीला पत्ता लागेना. १९७४च्या अखेरीस वॉर्नरने न्यायालयात धाव घेतली आणि काही आठवड्यांतच बॅडफिंगरची ‘विश यू वेअर हिअर’ ही नवी, समीक्षकांनी वाखाणलेली ध्वनिमुद्रिका दुकानांतून काढून घेण्यात आली. घाईघाईने केलेली पुढची ध्वनिमुद्रिका कंपनीने नाकारली. ती प्रकाशात यायला २००० साल उजाडावे लागले.

पगार थांबले. सरे परगण्यातील वोकिंग येथे पीटने घर घेतले होते, त्याचे हप्ते डोक्यावर होते आणि लवकरच मूल जन्माला येणार होते. २४ एप्रिल १९७५ रोजी, अठ्ठाविसाव्या वाढदिवसाला तीन दिवस उरले असताना, त्याने आपली जीवनयात्रा संपवली. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत त्याने पॉलीला दोष दिला होता. महिनाभराने त्याच्या मुलीचा जन्म झाला.

टॉम इव्हान्सला हा धक्का कधीच पचवता आला नाही. ‘विदाऊट यू’च्या मानधनात कोणाचा किती वाटा, यावरून जुन्या सहकाऱ्यांतच वाद पेटले. १९ नोव्हेंबर १९८३ रोजी टॉमनेही आपल्या हातांनी आयुष्याचा शेवट केला. दोन अर्ध्या गाण्यांतून एक गाणे घडवणारे दोघेही गेले.

गाणे मात्र थांबले नाही. १९९१ मध्ये ‘एअर सप्लाय’ने ते गायले. १९९४च्या जानेवारीत मराया कॅरीची आवृत्ती स्वतंत्रपणे बाजारात आली, ती निल्सनच्याच वळणाने जाणारी, पण आवाजांचे थरावर थर चढवत नेणारी. ब्रिटनमध्ये तिला पहिले स्थान मिळवून देणारे हे पहिलेच गाणे. अमेरिकेत ते तिसऱ्या क्रमांकावर गेले. निल्सनला हे यश पाहता आले नाही, कारण त्याच महिन्याच्या १५ तारखेला तो वयाच्या ५२व्या वर्षी निवर्तला. त्याचीही बरीचशी पुंजी अखेरच्या वर्षांत आर्थिक सल्लागाराच्या अफरातफरीत बुडाली होती.

ब्रिटिश कायद्यानुसार दोघांनी मिळून रचलेल्या गाण्याचा स्वामित्वहक्क शेवटच्या रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो. म्हणजे ‘विदाऊट यू’वरील हक्क २०५३च्या अखेरपर्यंत वारसांकडे राहू शकतो. पीटच्या हयातीत जो पैसा त्याच्यापर्यंत पोहोचू शकला नाही, त्याचा ओघ त्याच्या पश्चात सुरू राहिला. गोल्डर्स ग्रीनच्या त्या घरात जमवलेली त्याची घरगुती ध्वनिमुद्रणे १९९७ आणि १९९९ मध्ये प्रकाशित झाली. २०१३च्या सप्टेंबरमध्ये ‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकी मालिकेच्या अखेरच्या दृश्यात त्याचे ‘बेबी ब्ल्यू’ वाजले आणि चार दशकांपूर्वीच्या त्या गाण्याला नवे श्रोते मिळाले.

त्याच वर्षी २७ एप्रिलला, पीटच्या जन्मदिनी, स्वान्सीच्या रेल्वे स्थानकालगत आयव्ही प्लेस येथे त्याच्या नावाची निळी स्मृतिपाटी बसवण्यात आली. ज्या जागेवरून पोरवयात त्याने आपल्या वाद्यवृंदाला नाव दिले होते, तिथेच आता त्याचे स्वतःचे नाव वाचायला मिळते.