नवकवितेचे जनक : बा. सी. मर्ढेकर



मराठी नवकविता म्हटलं की पहिलं नाव येतं ते बाळ सीताराम मर्ढेकर यांचं. त्यांचा जन्म १ डिसेंबर १९०९ रोजी खानदेशातील फैजपूर येथे झाला. मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं मर्ढे, म्हणून आडनाव मर्ढेकर. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन ते आय.सी.एस. परीक्षेसाठी इंग्लंडला गेले. त्या परीक्षेत यश आलं नाही, पण तिथे त्यांनी युरोपातलं नवं साहित्य आणि कला जवळून पाहिली. परत आल्यावर त्यांनी इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून काम केलं आणि १९३८ पासून आकाशवाणीत नोकरी केली.

१९३९ साली आलेला 'शिशिरागम' हा त्यांचा पहिला संग्रह जुन्या वळणाचा होता. त्यानंतर महायुद्ध झालं. माणूस यंत्रासारखा जगू लागला आणि किड्यामुंगीसारखा मरू लागला. हे दुःख गोड शब्दांत मावणारं नव्हतं. म्हणून १९४७ च्या 'काही कविता' मध्ये यंत्र, गर्दी, पिंपात मेलेले उंदीर असे विषय आले. वाचक दचकले. कोणी दुर्बोध म्हटलं, कोणी अश्लील. पुस्तकावर खटलाही भरला गेला. सरकारी नोकरीत असताना हे सोसणं सोपं नव्हतं. शेवटी १९५२ मध्ये ते निर्दोष सुटले. त्याआधीच, १९५१ साली 'आणखी काही कविता' हा संग्रह आला होता. खटला चालू असतानाही त्यांनी लिहिणं थांबवलं नाही.

विशेष म्हणजे, इतकं नवं सांगताना त्यांनी अभंग-ओवी सोडली नाही. तुकोबा-रामदासांचा छंद घेतला आणि त्यात कारखान्याचं जग भरलं. त्यांच्या कवितेत उपरोध आहे, तशीच देवाकडे केलेली कळकळीची प्रार्थनाही आहे.

२० मार्च १९५६ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. वय अवघं ४६. 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो मरणोत्तर.

आपल्या चंद्रपूरची मुलं कोळसा खाणीचे स्फोट, वीज केंद्राची धुराडी आणि राख रोज बघतात. पण कविता लिहा म्हटलं की फूल, पाखरू आणि चांदोबाच लिहितात! तेही लिहावं. पण एकदा अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवरच्या काळ्या धुळीवर चार ओळी लिहायला सांगा, त्याही ओवीच्या चालीत. जे दिसतं ते खरं लिहिण्याचं धाडस मर्ढेकरांनी केलं. ते मुलांमध्ये यावं, एवढंच.