पठ्ठे बापूराव : त्याग आणि त्याचे मोल

इल्फर्डमध्ये फ्रँक मॅचम यांच्या आराखड्यानुसार बांधलेले हिपोड्रोम हे नाट्यगृह १९०९ मध्ये सुरू झाले. म्युझिक हॉलच्या रंगतदार परंपरेतील ही वास्तू जानेवारी १९४५ मध्ये जर्मन व्ही-२ रॉकेटच्या तडाख्यात उद्ध्वस्त झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात पठ्ठे बापूरावांचे निधन झाले. महाराष्ट्राच्या लोकरंगभूमीचा हा अनभिषिक्त राजा अखेरीस विपन्नावस्थेत गेला.

त्यांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म ११ नोव्हेंबर १८६६ रोजी, आजच्या सांगली जिल्ह्यातील रेठरे हरणाक्ष येथे. ब्राह्मण घरातील हा तरुण लावणीच्या वेडाने महार कलावंतांच्या फडात रमला. घरदार, प्रतिष्ठा आणि जात या साऱ्यांवर त्याने पाणी सोडले. गण, गवळण, लावणी आणि वग रचणारा हा शाहीर पुढे मुंबईत कमालीचा लोकप्रिय झाला. छत्रपती शाहू महाराजांसमोरही त्यांच्या फडाचा खेळ झाला.

या यशात पवळा हिवरगावकरीण यांचा वाटा मोठा होता. नाच्या पोऱ्याने स्त्रीचे सोंग घेण्याच्या काळात त्या स्वतः बोर्डावर उभ्या राहिल्या. त्या महार समाजातल्या. बापूराव आणि पवळा ही जोडी पाहायला प्रेक्षकांची झुंबड उडे. ज्याँ रेन्वार यांच्या १९५५ च्या ‘फ्रेंच कॅनकॅन’ चित्रपटात पॅरिसमधील एका धोबिणीला नर्तकी म्हणून घडवणारा नाट्यव्यावसायिक दिसतो. त्या कथेतला नफ्या-तोट्याचा प्रश्न इथेही होता. मात्र इथे त्याला जातीची धार होती.

ती धार महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी स्पष्ट झाली. बापूरावांनी सत्याग्रहासाठी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारले. दलित स्त्रीला बोर्डावर नाचवून मिळालेला पैसा तिच्या समाजाच्या स्वाभिमानाच्या लढ्यासाठी घेणे त्यांना मान्य नव्हते. बापूरावांनी जात सोडली, ती स्वेच्छेने. पवळाबाईंना मात्र आपली जात सोडण्याची मुभा नव्हती. तिकीट काढून येणारा प्रेक्षक त्यांच्या कलेला दाद देई, तरी समाजातले त्यांचे स्थान बदलत नसे.

पुढे ही जोडी फुटली, फडाला उतरती कळा लागली आणि २२ डिसेंबर १९४५ रोजी बापूरावांनी डोळे मिटले. राजा नेने यांनी १९५० मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. मुंबईत पिला हाऊसच्या नाट्यगृहांजवळून जाणाऱ्या फॉकलंड रोडला आज त्यांचे नाव आहे. त्यांच्या रचना अजूनही गायल्या जातात. त्या ऐकताना पवळाबाईंचेही स्मरण व्हावे, एवढे ऋण मराठी रसिकांवर आहे.