सार्वजनिक काकांची वकिली

कायद्याचे अज्ञान ही सबब न्यायालयात चालत नाही, हे तत्त्व कायद्याच्या पहिल्या धड्यातच शिकविले जाते. नागरिकाला कायदा ठाऊक आहे, असे गृहीत धरूनच राज्ययंत्र चालते. परंतु तो कायदा त्याच्यापर्यंत पोचविण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर तितक्या ठामपणे कोठेच दिलेले आढळत नाही. दंड करणारा कायदा शिपायाच्या पायांनी चालत दारी येतो. आधार देणारा कायदा मात्र कचेरीच्या कपाटात पडून राहतो, आणि त्याला शोधीत जावे लागते ते नेमके त्या माणसाला, की ज्याच्यापाशी वेळ, पैसा व अक्षरओळख या तिन्हींचा तुटवडा असतो. महाराष्ट्रात ही विसंगती ज्यांनी फार लवकर ओळखली आणि तिच्यावर उपाय म्हणून आपली वकिली खर्ची घातली, त्यांत गणेश वासुदेव जोशी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. लोकांनी त्यांना ‘सार्वजनिक काका’ ही पदवी दिली. आज त्यांचे स्मरण खादीचे आद्य पुरस्कर्ते आणि वासुदेव बळवंत फडके यांचे वकील म्हणून केले जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या कार्याचा एक तिसरा पैलू आहे, व तो आजच्या वाचकाला अधिक जवळचा वाटावा असा आहे.

मुखत्यारपत्राची सभा

जोशी यांचा जन्म 1828 साली सातारा येथे झाला. पेशवाई जाऊन दहा वर्षे लोटली होती. नव्या राज्याची नवी कचेरी, नवा स्टँप, नवी दिवाणी न्यायालये आणि त्यांची नवी भाषा ही सर्व त्यांच्या डोळ्यांसमोर रुळत गेली. आरंभीच्या काळात सरकारी कचेरीत नोकरी करून पुढे ते पुण्यास वकिली करू लागले. कारकुनाच्या मेजाची एक बाजू आणि वकिलाच्या मेजाची दुसरी बाजू अशा दोन्ही बाजूंनी त्यांनी राज्यकारभार पाहिला. कागद कोठे अडतो व का अडतो, याची जाण त्यांना आली ती या अनुभवातून.

2 एप्रिल 1870 रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. निमित्त होते पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दलच्या तक्रारींचे. औंधचे पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले. परंतु सभेचे खरे चालक जोशीच होते. सभेच्या घटनेत त्यांच्या वकिली बुद्धीची छाप स्पष्ट दिसते. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास लोकांची संमती लेखी मुखत्यारपत्राच्या रूपाने आणली पाहिजे, असा नियम होता. पहिल्या वर्षीच पंचाण्णव सभासद सुमारे सहा हजार लोकांचे मुखत्यार म्हणून सभेत बसले. निवडणूक हा शब्दही समाजाला अपरिचित असलेल्या त्या काळात प्रातिनिधिकतेचा हा प्रयोग धाडसाचा होता. सरकारने तुम्ही कोणाच्या वतीने बोलता असे विचारले, तर उत्तर कागदावर सह्यांनिशी तयार होते.

पुढील वर्षी न्यायमूर्ती रानडे बदलून पुण्यास आले आणि सभेला अभ्यासाचे बळ मिळाले. रानडे यांची विद्वत्ता व जोशी यांची धडाडी यांचा तो संयोग होता. सरकारी नोकरीत असल्यामुळे रानड्यांना पडद्याआड राहावे लागे. पुढे उभे राहण्याचे काम काकांचे. जमीनमहसुलाची फेरमोजणी, वाढलेला सारा, जंगलाचे निर्बंध यांची माहिती सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून मिळविली आणि 1873 मध्ये दख्खन व कोकणच्या स्थितीवर अहवाल प्रसिद्ध केला. सरकारचेच आकडे व सरकारचेच ठराव घेऊन सरकारला उत्तर द्यावयाचे, ही सभेची पद्धत येथून रूढ झाली. भावनेच्या आवाहनापेक्षा अचूक कलम अधिक दूर जाते, हे काकांनी जाणले होते.

कर्ज, कोर्ट आणि लवाद

1875 च्या मे महिन्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि पुणे व नगर जिल्ह्यांत दंग्यांचा वणवा पसरला. बहुतेक ठिकाणी शेतकऱ्यांनी माणसे मारली नाहीत. त्यांनी मागितले व जाळले ते कर्जरोखे. त्यांचा राग व्यक्तीपेक्षा कागदावर होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मुदतीच्या कायद्याने तीन वर्षांत दावा बुडतो म्हणून सावकार रोखा नवा करून घेई. नव्या रोख्यात जुने व्याज मुद्दल होऊन बसे. समन्स हाती न पडताच, अथवा हाती पडूनही भीतीने कोर्टात न गेल्याने, एकतर्फी हुकूमनामे होत. कोर्ट दूर, स्टँपचा खर्च मोठा, भाषा परकी. कायद्याने कुळाला बचावाचा हक्क दिलेला होता. तो बजावण्याची ऐपत मात्र दिलेली नव्हती.

सार्वजनिक काकांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे लवाद न्यायालये. वादी व प्रतिवादी यांनी लेखी संमतीने पंच नेमावेत, निकाल थोड्या दिवसांत व थोड्या खर्चात व्हावा, आणि तो मराठीत व्हावा. वकिलानेच लोकांना कोर्टाबाहेर तंटा मिटविण्याची वाट दाखवावी, हे धंद्याच्या दृष्टीने आत्मघातकी होते. काकांना त्याची पर्वा नव्हती. पुढे 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला, आणि रोख्याच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती हे तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. सलोख्याने तंटे मिटविण्यासाठी त्याच कायद्याने माणसे नेमण्याची सोय केली. पुण्यात जे खाजगीरीत्या चालले होते, त्याच दिशेने सरकारलाही पाऊल टाकावे लागले.

दुष्काळाचा जमाखर्च

त्यांच्या वकिलीची खरी कसोटी लागली ती 1876 च्या दुष्काळात. त्या वर्षी पावसाने दगा दिला. पुणे, नगर, सातारा, सोलापूर आणि दक्षिणेकडील जिल्हे होरपळून निघाले. मद्रास इलाखा व म्हैसूर यांत तर हाहाकार उडाला. 1878 पर्यंत चाललेल्या या दुष्काळात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली, असा अंदाज आहे. त्या वेळी दुष्काळनिवारणाचा कायम स्वरूपाचा कायदा नव्हता. कोणाला काम द्यावयाचे, किती मजुरी द्यावयाची, अशक्ताला अन्न कोठे मिळेल, हे वेळोवेळी निघणाऱ्या सरकारी ठरावांवर अवलंबून असे. ठराव निघत ते इंग्रजीत. उपासमार होई ती मराठीत.

सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत आपले प्रतिनिधी धाडले. कामे कोठे निघाली, गावापासून किती कोसांवर आहेत, मजुरी खरोखर हातात किती पडते, धान्याचा भाव काय, म्हातारेकोतारे व मुले यांची वाट काय, याची पत्रे पुण्यास येऊ लागली. त्यांवरून दुष्काळाचे वृत्तांत तयार झाले आणि सरकारकडे अर्जांमागून अर्ज गेले. 1877 च्या आरंभी हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीचा दर खाली आणला. दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, धान्याची किंमत आणि वर किरकोळ रोकड, हे त्या दराचे स्वरूप होते. मुंबई इलाख्यात हजारो मजूर या दराने व दूरच्या मोठ्या कामांवर जाण्यास नकार देऊन कामावरून उठून गेले. सभेने त्यांची बाजू उचलून धरली. धान्याच्या या वजनावर कष्टकऱ्याचे शरीर टिकू शकत नाही, हे मद्रास इलाख्यात डॉ. कॉर्निश हे सरकारी वैद्यकीय अधिकारीही मांडीत होते, आणि पुढे तेथे दर वाढवावा लागला.

योगायोग असा, की याच वेळी, 1 जानेवारी 1877 रोजी, दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी जाहीर करणारा दरबार भरला होता. सभेच्या वतीने काका तेथे गेले ते स्वतः कातलेल्या सुताच्या जाड्याभरड्या पोशाखात. रेशीम व जरीच्या त्या गर्दीत तो पोशाख म्हणजे दुष्काळी मुलखाचा मूक अर्जच होता.

सभेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तिचे बहुसंख्य सभासद सरदार, इनामदार, सावकार व पांढरपेशे यांपैकी होते, आणि ज्यांच्या नावाने ती बोलत होती, त्या शेतकऱ्याचा तिच्यातील वाटा नाममात्र होता. जोतीराव फुले यांनी या गोष्टीवर कठोर टीका केली. कुळकर्णी व कारकून यांच्या हातचा कागद अडाणी शेतकऱ्याला कसा नागवितो, हे फुल्यांनी जितके आतून पाहिले, तितके सभेने पाहिले नव्हते. त्याच 1877 साली सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र चालविले. एकीकडे अर्ज व दुसरीकडे भाकरी अशी ती विभागणी होती. दोन्हींची गरज होती. आणि दोन्ही प्रवाह एकत्र आले नाहीत, ही महाराष्ट्राची हानी झाली.

1879 मध्ये फडके यांचा बंडाचा खटला उभा राहिला. दुष्काळातील लोकांची दैना पाहून ज्याने शस्त्र उचलले, त्या माणसाचे वकीलपत्र घेणे म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणे होय, हे काका जाणत होते. अर्जाचा मार्ग पत्करलेल्या माणसाने शस्त्राचा मार्ग धरलेल्या माणसाला न्यायालयात एकटे सोडले नाही. पुढच्याच वर्षी, 1880 च्या जुलैमध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

काकांच्या पश्चात

त्याच वर्षी दुष्काळ आयोगाचा अहवाल सादर झाला आणि त्यातून 1883 मध्ये दुष्काळ संहिता आकारास आली. काम, मजुरी, धर्मार्थ अन्न, साऱ्याची सूट व तहकुबी यांचे नियम प्रथमच एका ठिकाणी आले. पण संहिता छापली म्हणजे ती पोचली असे नव्हे. 1896 च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांच्या नेतृत्वाखाली याच सभेने तिची मराठी रूपे गावोगाव वाटली, सारा केव्हा माफ होऊ शकतो हे शेतकऱ्यांना समजावून सांगितले. सरकारने या प्रतिनिधींवर खटले भरले आणि 1897 मध्ये सभेची मान्यता काढून घेतली. सरकारने स्वतः केलेला नियम लोकांना वाचून दाखविणे हाच अपराध ठरला. त्या कागदात किती सामर्थ्य होते, याचा याहून मोठा पुरावा नको.

स्वराज्यात चित्र बदलले. 1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने रोजगार हमी योजना मोठ्या प्रमाणावर राबविली आणि 1977 मध्ये तिचा कायदा केला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, न मिळाल्यास बेकारी भत्ता, हे टेंपलच्या काळात कल्पनेपलीकडचे होते. 2005 मध्ये देशभरासाठी रोजगाराचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी माहितीचा अधिकारही मिळाला. तरीही बेकारी भत्त्याची तरतूद वापरली गेली ती क्वचितच. कारण काम मागितल्याची तारखेची पोच मजुराच्या हातात नसे. पोच नाही म्हणजे मागणी नाही, आणि मागणी नाही म्हणजे हक्क नाही. गरिबासाठी केलेला कायदा पुष्कळदा असा एका चिठोऱ्यापाशी येऊन थांबतो.

आज योजनांची संख्या वाढली आहे आणि त्यांची माहिती मोबाइलच्या पडद्यावर आली आहे. पण कोणती योजना आपल्याला लागू, कोणता दाखला जोडावयाचा, अर्ज फेटाळला तर अपील कोणाकडे, हे निराधार विधवेला किंवा ऊसतोडणी कामगाराला सांगणारा माणूस लागतोच. असा माणूस प्रत्येक गावात असतो. तो शाळेत शिकवितो, कचेरीत बसतो किंवा महाविद्यालयात शिकतो. त्याने काकांसारखी सभा काढावी, अशी अपेक्षा नाही. शेजारच्या एका माणसाचा एक अर्ज त्याने वाचावा, बिनचूक भरावा आणि त्याची पोच त्याच्या हाती पडेपर्यंत खिडकीपाशी उभे राहावे. दीडशे वर्षांपूर्वी पुण्याच्या एका वकिलाने सहा हजारांची मुखत्यारपत्रे गोळा केली होती. एकाचे मुखत्यार होणे कोणालाही जमण्यासारखे आहे.