राष्ट्र घडविण्याचे व्रत : डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि नागपूर

प्रस्तावना

देशभक्ती म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर तुरुंगवास, सत्याग्रह आणि बलिदान उभे राहते. परंतु देश परकीय सत्तेपासून मुक्त झाला म्हणजे तो थोर झाला, असे म्हणता येईल का? डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी हा प्रश्न आयुष्यभर विचारला. तो विचारल्यामुळेच त्यांच्या देशप्रेमाविषयी अनेकांनी शंका घेतली. त्यांच्या चरित्रातील काही महत्त्वाचे प्रसंग नागपुरात घडले. त्या प्रसंगांच्या आधारे त्यांचा राष्ट्रविचार समजून घेणे, हा या पाठाचा हेतू आहे.

जडणघडण

आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना इतर मुलांपासून दूर, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तरी पाण्याच्या भांड्याला हात लावण्याची मुभा नव्हती. पुढे बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि त्यानंतर लंडनला शिकले. एवढी विद्या मिळवून १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीसाठी आलेल्या या तरुणाला राहायला जागा मिळेना. ज्या देशात विद्वानालाही केवळ जन्मामुळे निवारा नाकारला जातो, तेथे सर्वांचे मिळून एक राष्ट्र आहे असे कसे मानायचे, हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता. तो त्यांच्या अनुभवातून आला होता.

१९२० : प्रतिनिधी कोणी निवडायचा?

मे १९२० च्या अखेरीस नागपुरात राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची अखिल भारतीय परिषद भरली. आंबेडकर तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते. ‘मूकनायक’ सुरू करून त्यांना चारच महिने झाले होते. कायदे मंडळात अस्पृश्यांचे प्रतिनिधी कोणी निवडायचे, हा त्या वेळचा वादाचा विषय होता. इतरांनी सद्भावनेने त्यांची निवड करावी, हा मार्ग आंबेडकरांना मान्य नव्हता. दुसऱ्याच्या कृपेवर मिळालेले स्थान म्हणजे नागरिकत्व नव्हे, ही त्यांची भूमिका येथे स्पष्ट झाली.

१९३० : स्वराज्य कोणाचे?

दहा वर्षांनी, ऑगस्ट १९३० मध्ये, नागपुरातच भरलेल्या दलित वर्गाच्या अखिल भारतीय परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. देशात तेव्हा सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू होती. आंबेडकर इंग्रजांच्या बाजूचे आहेत, असा आरोप होत असे. या परिषदेत मात्र त्यांनी इंग्रजी राजवटीवर कठोर टीका केली. इतक्या वर्षांच्या राज्यात अस्पृश्यता जागची हलली नाही आणि गरिबांचे दारिद्र्य वाढले, असे त्यांनी दाखवून दिले. दलितांच्या हाती सत्ता यायची तर ती स्वराज्यातच येऊ शकेल, असे त्यांनी निःसंदिग्धपणे मांडले. त्याच वेळी एका देशाने दुसऱ्यावर राज्य करणे जसे अन्यायाचे, तसेच एका वर्गाने दुसऱ्या वर्गावर राज्य करणेही अन्यायाचेच, हेही त्यांनी बजावले. त्यांचे देशप्रेम असे दुहेरी कसोटीचे होते. म्हणूनच ते अनेकांना अडचणीचे वाटले.

१९४२ : अर्धा समाज

जुलै १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. त्याच मंडपात दलित महिलांची स्वतंत्र परिषद भरली आणि तिला हजारो स्त्रिया उपस्थित होत्या. आंबेडकरांनी त्यांना मुलांना शिकविण्याचा, त्यांच्या लग्नाची घाई न करण्याचा आणि पतीच्या दासी न होता मैत्रिणीच्या नात्याने बरोबरीने उभे राहण्याचा सल्ला दिला. समाजाची प्रगती ते स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजत. पुढे हिंदू संहिता विधेयक रखडल्यानंतर सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यामागील कारणांत हे एक प्रमुख कारण होते.

संविधान आणि बंधुता

२९ ऑगस्ट १९४७ रोजी संविधानाची मसुदा समिती नेमली गेली आणि आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले. उद्देशिकेत बंधुता हे तत्त्व या समितीने घातले. तेथे आधी व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा उल्लेख येतो आणि मग राष्ट्राच्या एकतेचा. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. ज्या घरात एखाद्याचा रोज अपमान होतो, ते घर एकत्र राहत नाही. देशाचेही तसेच आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात त्यांनी देशाला सावध केले. राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, अशी विसंगती घेऊन आपण प्रजासत्ताकात प्रवेश करीत आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. हजारो जातींत विभागलेले लोक आपोआप राष्ट्र ठरत नाहीत. राष्ट्र घडवावे लागते आणि जाती त्या कार्याच्या आड येतात, हे त्यांनी स्पष्ट केले.

कायद्याने समता देता येते, पण बंधुता देता येत नाही, याची जाणीव त्यांना होती. संविधानाच्या या शिल्पकाराला १९५२ मध्ये मुंबईत आणि १९५४ मध्ये नागपूरलगतच्या भंडाऱ्यात लोकसभेच्या निवडणुकीत पराभव पत्करावा लागला. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, असे त्यांनी १९५४ मध्येच आकाशवाणीवरून सांगितले.

१९५६ : दीक्षाभूमी

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीला, आंबेडकरांनी पत्नी सविता यांच्यासह नागपुरात भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. नंतर त्यांनी स्वतः लाखो अनुयायांना दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. नागपूरच का, याचे उत्तर त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात दिले. प्राचीन काळी या भागातील नाग लोकांनी बुद्धाचा धम्म भारतभर पसरविला, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबर १९५६ रोजी, दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

समारोप

१९२० मध्ये हक्क, १९३० मध्ये स्वराज्य, १९४२ मध्ये स्त्रीची प्रतिष्ठा आणि १९५६ मध्ये बंधुतेचे नैतिक अधिष्ठान, असा हा प्रवास आहे. आंबेडकरांच्या दृष्टीने राष्ट्राचे मोठेपण त्याच्या सीमांवरून किंवा सैन्यावरून ठरत नाही. शेवटच्या पायरीवरील माणसाला हा देश माझा आहे असे म्हणताना संकोच वाटतो की नाही, यावरून ते ठरते. दरवर्षी विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. त्यांच्या पायवाटेवर हा प्रश्न आजही आपल्या उत्तराची वाट पाहत आहे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. आंबेडकरांच्या देशप्रेमाची कसोटी दुहेरी होती, असे का म्हटले आहे?
२. बंधुता कायद्याने देता येत नाही, या विधानाची आपल्या गावातील किंवा कामाच्या ठिकाणच्या अनुभवाच्या आधारे चर्चा करा.