ध्यास एका गाण्याचा
(पंडित भीमसेन जोशी यांची जीवनकथा)

कार्तिक महिना लागला म्हणजे वऱ्हाडातील गावोगावी पहाटे देवळात काकडा सुरू होतो. भजनी मंडळी जमेपर्यंत कर्ण्यावर एखादा अभंग लावलेला असतो. धार काढण्यासाठी गोठ्याकडे निघालेला शेतकरी, अंगणात सडा टाकणारी माउली, पहिल्या एस. टी.साठी लगबगीने निघालेला प्रवासी, सारे त्या आवाजाने घटकाभर थबकतात. पुष्कळदा तो आवाज असतो पंडित भीमसेन जोशी यांचा. गायकाचे नाव ठाऊक नसणाऱ्यालाही तो आवाज ओळखीचा असतो. मात्र पंढरीच्या विठ्ठलाला अशी आर्त साद घालणाऱ्या या गायकाची मातृभाषा मराठी नव्हती आणि त्यांच्या आयुष्याला वळण दिले ते एका दुकानात वाजणाऱ्या तबकडीने, ही हकीकत फार थोड्यांना माहीत असते. मंदिराच्या या शुभकार्याच्या निमित्ताने ती सर्वांना ठाऊक व्हावी, अशीच आहे.

भीमसेन जोशी यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९२२ रोजी त्या वेळच्या धारवाड जिल्ह्यात, गदगच्या परिसरात एका कानडी वैष्णव कुटुंबात झाला. त्यांचे वडील गुरुराज जोशी हे शिक्षक होते. विद्वान, शिस्तीचे आणि मानी गृहस्थ अशी त्यांची ख्याती होती. आजोबा भीमाचार्य हे कीर्तन-गायन करणारे. आजोबांचेच नाव नातवाला मिळाले. आईचा गळा गोड होता. घरकाम करता करता ती पुरंदरदासांची पदे म्हणत असे. आपल्याकडे जात्यावर दळताना बायका जशा तुकोबांचे आणि जनाईचे अभंग म्हणत, तसाच तो प्रकार. कुटुंब मोठे आणि मिळकत मास्तरांच्या पगाराची. भीमसेन हे सोळा भावंडांत सर्वांत वडील.

या मुलाला लहानपणापासून एक विलक्षण नाद होता. रस्त्याने भजनी दिंडी जावो की लग्नाच्या वरातीचा बँड जावो, वाद्यांचा आवाज कानी पडला की हा त्यांच्यामागे चालू लागे. किती दूर आलो याचे त्याला भान राहत नसे. पाय दुखू लागले की जिथे असेल तिथे, एखाद्या ओट्यावर किंवा देवळाच्या आवारात, अंगाची जुडी करून झोपी जाई. इकडे घरी शोधाशोध सुरू होई आणि प्रकरण पोलीस चौकीपर्यंत जाई. असे वरचेवर घडू लागले तेव्हा वडिलांनी एक युक्ती काढली. मुलाच्या सदऱ्यांवर त्यांनी जोशी मास्तरांचा मुलगा अशा अर्थाचे कानडी शब्द लिहून ठेवले. मग ज्याला कोणाला हा मुलगा झोपलेला दिसे तो सदऱ्यावरचे वाचून त्याला घरी आणून पोहोचवी. गावही असे भले की ज्याच्या-त्याच्या पोराला आपलेच समजणारे.

तो काळ कळीच्या फोनोग्राफचा होता. ज्याला किल्ली द्यायची, वर काळी तबकडी ठेवायची आणि सुई टेकवायची, की भल्या मोठ्या पितळी कर्ण्यातून गाणे बाहेर पडे. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. असे यंत्र विकत घेणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. परंतु गिऱ्हाइक यावे म्हणून दुकानदार दुकानात तबकड्या वाजवीत आणि रस्त्यावर उभे राहून ऐकण्याला पैसा पडत नसे. गदगच्या अशाच एका दुकानात शाळकरी भीमसेनाच्या कानावर खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटी रागातील ठुमरी पडली. पिया बिन नहीं आवत चैन ही ती ठुमरी. मुलाला हिंदी भाषा येत नव्हती आणि रागाचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्या आवाजातील आर्तता त्याच्या काळजाला भिडली. तो पुन्हा पुन्हा दुकानापाशी जाऊन उभा राहू लागला. आपल्याला असे गाता आले पाहिजे, ही एकच गोष्ट त्याच्या मनाने घेतली आणि ती शेवटपर्यंत सोडली नाही.

ज्यांचा तो आवाज होता त्या खाँसाहेबांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ साली उत्तरेतील कैराना या गावी झाला. त्यावरूनच त्यांच्या गायकीला किराणा घराणे असे नाव पडले. बडोदे दरबारी काही काळ राहून पुढे ते महाराष्ट्र-कर्नाटकात रमले आणि मिरजेस स्थायिक झाले. एकेक स्वर शांतपणे, पूजेतील फूल ठेवावे तसा ठेवत जाणे, हे त्यांच्या गाण्याचे वैशिष्ट्य. ते नमाजी मुसलमान होते, पण देवादिकांची पदे आणि मराठी नाट्यगीतेही त्याच भावाने गात. असा हा धर्माच्या आणि भाषेच्या भिंती ओलांडून आलेला स्वर गदगच्या बाजारात एका मुलाला सापडला.

घरी गाण्याला अगदीच विरोध होता असे नाही. गावातील चन्नप्पा कुर्तकोटी आणि नंतर श्यामाचार्य जोशी यांच्याकडे भीमसेनाचे प्राथमिक शिक्षण झाले. परंतु तेवढ्याने त्याची तहान भागेना. वडिलांची इच्छा मुलाने शिकून चांगल्या हुद्द्यावर जावे अशी होती. मास्तरांच्या घरी दुसरी काय अपेक्षा असणार? अखेर १९३३ च्या सुमारास, वयाच्या अकराव्या वर्षी, भीमसेनाने घर सोडले. निमित्त घडले ते जेवताना तूप वाढण्यावरून झालेल्या रुसव्याचे, असे सांगतात. तूप हे निमित्त. मनातले कारण वेगळेच होते. गुरू शोधायचा होता.

खिशात पुरते पैसे नाहीत, अंगावर धड कपडे नाहीत, भाषा परकी. तरी हा मुलगा आगगाडीत बसला. तिकीट नसले की डब्यात भजने म्हणावी, खाँसाहेबांची ठुमरी म्हणावी, कोणी दयाळू प्रवासी चार पैसे देई तर कोणी भाकरी. तिकीट तपासनीस आला तर त्यालाही गाणे ऐकवावे. विजापूर, पुणे असे करीत तो ग्वाल्हेरला पोहोचला. तेथे सरोदवादक उस्ताद हाफिज अली खाँ यांच्या साहाय्याने त्याला माधव संगीत विद्यालयात प्रवेश मिळाला. पुढे लखनौ, रामपूर, दिल्ली, कलकत्ता असा त्याचा प्रवास सुरू राहिला. कलकत्त्यास सिनेनट पहाडी सन्याल यांच्या घरी तो घरगडी म्हणून राहिला. गाणे कानावर पडेल या आशेने पडेल ते काम केले. पुढे मोठा गवई म्हणून कलकत्त्यास गेल्यावर, आपल्या घरी राबणारा मुलगा तो हाच, हे सन्याल यांना खरे वाटेना, असे सांगतात.

फिरत फिरत तो पंजाबात जालंदरला गेला. तेथे भक्त मंगतराम यांच्याकडे त्याने काही काळ धृपद शिकले. जालंदरला हरिवल्लभ संगीत संमेलन दरवर्षी मोठ्या थाटाने भरते. त्या संमेलनासाठी महाराष्ट्रातून पंडित विनायकबुवा पटवर्धन आले होते. या दक्षिणेकडील मुलाला इतक्या दूर पाहून त्यांना नवल वाटले. मुलाने आपली हकीकत सांगितली. तेव्हा बुवांनी त्याला समजावले, की ज्यांची गायकी तू शोधतो आहेस त्या अब्दुल करीम खाँ साहेबांचे पट्टशिष्य तुझ्याच मुलखात, कुंदगोळला राहतात. इतक्या लांब वणवण कशासाठी?

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्याचा याहून ठळक दाखला सापडणार नाही. कुंदगोळ हे हुबळीजवळचे लहानसे गाव. गदगहून आगगाडीने एका दिवसात जाऊन परत येण्याजोगे. त्या गावचे रामभाऊ कुंदगोळकर मराठी रंगभूमीवर सवाई गंधर्व या नावाने गाजलेले होते. त्यांच्यासाठी हा मुलगा अर्धा हिंदुस्थान पायाखाली घालून आला. तरीही ही वणवण वाया गेली असे म्हणता येणार नाही. गुरूची किंमत कळण्यासाठी कधी कधी तेवढे चालावे लागते. इकडे वडील मुलाच्या शोधात होतेच. त्यांनी जालंदर गाठून मुलाला घरी आणले. वडिलांनी आता हट्ट सोडला होता. ज्या बापाने सदऱ्यावर नाव लिहून मुलगा हरवू नये म्हणून खटपट केली, त्यानेच १९३६ साली त्याला स्वतः सवाई गंधर्वांच्या हवाली केले.

गुरुगृही राहणे म्हणजे सुखाचे राहणे नव्हते. पाण्याचे हंडे लांबून भरून आणायचे, घर झाडायचे, गुरूंची सेवा करायची. बरेच दिवस तर शिकवणी अशी मिळालीच नाही. मुलाची चिकाटी गुरू पाहत होते. मग शिकवणे सुरू झाले ते तोडी, मुलतानी आणि पुरिया या मोजक्या रागांचे. तेच राग, तेच स्वर, पहाटेपासून रात्रीपर्यंत. थोड्या विहिरी खणाव्या, पण पाणी लागेपर्यंत खणाव्या, असा तो हिशेब. याच गुरूंकडे गंगूबाई हनगल या पुढे थोर झालेल्या गायिकाही शिकत होत्या. हे शिक्षण चालू असतानाच १९३७ साली, दक्षिणेकडे प्रवासात असताना, अब्दुल करीम खाँ साहेब निवर्तले. ज्या आवाजाने भीमसेनाला घराबाहेर काढले, त्या आवाजाच्या पायाशी बसून शिकण्याचा योग त्याला आला नाही. परंतु तीच विद्या त्यांच्या शिष्याकडून त्याच्या ओंजळीत पडली.

चार-पाच वर्षांच्या मेहनतीनंतर १९४१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, भीमसेन प्रथम लोकांसमोर गायले. पुढच्याच वर्षी त्यांची स्वतःची तबकडी निघाली. दुकानाबाहेर उभे राहून ज्याने दुसऱ्याची तबकडी ऐकली, त्याची तबकडी आता दुकानात वाजू लागली. १९४३ मध्ये ते मुंबईला नभोवाणीवर गाऊ लागले. १९४६ साली गुरूंच्या षष्ट्यब्दिपूर्तीनिमित्त पुण्यात झालेल्या मैफलीने त्यांचे नाव सर्वत्र झाले. त्यानंतर त्यांनी मागे वळून पाहिले नाही. आज कलकत्ता तर उद्या नागपूर, असे ते देशभर आणि परदेशातही गात राहिले. १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालेले मिले सुर मेरा तुम्हारा हे एकात्मतेचे गीत घराघरांत पोहोचले. त्याचा आरंभही त्यांच्याच आवाजाने होतो.

१९५२ साली सवाई गंधर्वांचे निधन झाले. दुसऱ्याच वर्षी भीमसेनांनी गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात संगीत महोत्सव सुरू केला आणि पुढे अनेक वर्षे तो आपल्या देखरेखीखाली चालविला. थोर थोर कलावंत त्यात गाऊन गेले. गुरूने शिकविले ते एकट्याने भोगू नये, चारचौघांत वाटावे, या भावनेने केलेले हे गुरुऋण.

आपल्याकडील खेड्यापाड्यांशी त्यांचे नाते जुळले ते अभंगांनी. राम फाटक, श्रीनिवास खळे यांच्यासारख्या संगीतकारांच्या चालींवर त्यांनी ज्ञानोबा, नामदेव, तुकोबा यांच्या वाणीला स्वर दिला. संतवाणीच्या कार्यक्रमांना ज्यांना शास्त्रीय गाण्यातले काही कळत नाही असे लोकही हजारोंनी येत. ज्या वारकरी पंथाचे हे अभंग, त्याच पंथातील संत चोखोबा आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणा राजा येथे जन्मले, असे परंपरा सांगते. चोखोबांना देवळाच्या आत जाऊ दिले नाही. पण त्यांचे अभंग आज प्रत्येक देवळात म्हटले जातात. गाण्याला उंबरठा अडवू शकत नाही. कैरान्याच्या खाँसाहेबांचा सूर कानडी मुलाच्या गळ्यात उतरला आणि तोच सूर मराठी अभंगाच्या रूपाने आपल्या गाभाऱ्यापाशी येऊन पोहोचला, यातही तेच दिसते.

मानसन्मान पुष्कळ आले. १९७२ मध्ये पद्मश्री, १९८५ मध्ये पद्मभूषण, १९९९ मध्ये पद्मविभूषण आणि २००८ साली भारतरत्न. लोकांनी त्यांना स्वरभास्कर म्हटले. २४ जानेवारी २०११ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले आणि शासकीय इतमामात त्यांना निरोप देण्यात आला. त्यालाही आता बराच काळ लोटला. पण काकड्याच्या वेळी कर्ण्यावरून तो आवाज आला की ते गेले असे वाटत नाही.

या चरित्रातून घेण्यासारखा बोध साधा आहे. कोणत्या लेकराच्या कानी कोणता सूर पडेल आणि तो त्याला कुठवर नेईल, हे कोणी सांगू शकत नाही. त्या दुकानदाराला आपण काय घडवीत आहोत याची कल्पनाही नसेल. गावचे मंदिर दुरुस्त होते, सभामंडप बांधला जातो, देणगीदार दगड, सिमेंट आणि फरशीसाठी हात सैल सोडतात. हे सारे शेवटी कशासाठी? तेथे भजन व्हावे आणि ते रस्त्यापर्यंत ऐकू जावे यासाठी. एखाद्या एकादशीच्या रात्री भजन ऐकता ऐकता कोणाचे पोर खांबाला टेकून झोपी गेले, तर त्याला कोणी दटावू नये, हाकलू नये. अंगावर पांघरूण घालावे, टाळ थांबले की हाताला धरून घरी पोहोचवावे आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले तर त्याच्या हाती एक टाळ द्यावा.