रॉबर्ट कॉख आणि किनाऱ्यावरचा जंतू

सुरतेच्या दक्षिणेस, दमणगंगेच्या मुखाशी वसलेले दमण १८९७ साली प्लेगने हादरले होते. या पोर्तुगीज वसाहतीत हाफकिन यांच्या नव्या लशीचा परिणाम पडताळण्यासाठी जर्मन प्लेग आयोगासह रॉबर्ट कॉख आले. लशीने पूर्ण नव्हे, पण लक्षणीय संरक्षण मिळते, असा निर्वाळा त्यांनी दिला. कॉख यांची ही दुसरी भारतभेट. पहिली भेट पटकीसाठी होती. मासळीवर जगणाऱ्या किनारपट्टीला तीच अधिक जवळची.

११ डिसेंबर १८४३ रोजी क्लाउस्टाल येथे जन्मलेले कॉख हे मूळचे एका लहान गावातील सरकारी डॉक्टर. घरातल्याच प्रयोगशाळेत राबून त्यांनी १८७६ साली काळपुळीच्या जंतूचे जीवनचक्र उलगडले आणि १८८२ साली क्षयाचा जंतू जगापुढे ठेवला.

१८८३ मध्ये इजिप्तमधली पटकीची साथ ओसरताच ते कोलकात्यास पोहोचले. मृतांच्या आतड्यांत त्यांना स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू पुनःपुन्हा आढळला. इटलीच्या पाचिनी यांनी तो १८५४ सालीच पाहिला होता. त्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते, एवढेच. शहराबाहेरच्या एका तळ्याभोवती सतरा जण दगावले होते. लोक त्याच पाण्यात अंघोळ करीत, कपडे धूत आणि तेच पीत. पहिल्या रोग्याचे कपडेही तिथेच धुतले गेले होते. त्या पाण्यात कॉख यांना तोच जंतू सापडला.

रोग्याकडून पाण्यात आणि पाण्यातून माणसात, हा मार्ग त्यांनी दाखवला. मात्र खाडीचे निमखारे पाणी हेच या जंतूचे मूळ घर आहे, सूक्ष्म कवचधारी जीवांना चिकटून तो रोग्यावाचूनही तिथे नांदतो, हे त्यांच्या पश्चात अनेक दशकांनी कळले. तिसऱ्या आणि कालवे पाणी गाळूनच पोट भरतात. त्यामुळे जंतू त्यांच्या अंगी साठतात. याच कुळातला दुसरा जंतू १९५० साली जपानमधील ओसाका येथे बारीक मासळीतून पसरला. २७२ जण आजारी पडले, वीस दगावले. उकाड्यात बर्फाविना राहिलेल्या मासळीत हे जंतू झपाट्याने वाढतात. नीट शिजवल्यास मरतात. पण कच्च्या मासळीची सुरी आणि ताट शिजलेल्या अन्नाला लागले की पुन्हा वाट मोकळी होते.

कॉख चुकलेही. १८९० साली क्षयावरचा उपाय म्हणून त्यांनी जाहीर केलेले ट्युबरक्युलिन फोल ठरले आणि कीर्तीला डाग लागला. पुढे ते क्षयाच्या निदानासाठी उपयोगी पडले. १९०५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेन येथे त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा बर्लिनच्या त्यांच्याच संस्थेत जतन केलेली आहे.